उसनी शिडी

मी एक जुनी शिडी आहे. लाकडी, उंच, आणि मधल्या एका पायरीवर पाय पडला की परवापरवापर्यंत कुरकुरणारी. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, शिडीला कसलं आलंय आयुष्य! भिंतीला टेकायचं आणि गप्प बसायचं. तुमचं बरोबर आहे, फक्त बसता येत नाही, एवढीच अडचण आहे. शिडी एक तर उभी असते, नाहीतर आडवी असते. तरीही सांगण्यासारखं थोडं काही माझ्याकडे आहे. ते ऐकून घ्या.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. सुतार कामाचा पक्का होता, पण मी जवळजवळ पूर्ण झाले तेव्हा त्याचं लाकूड संपलं. मग त्याने दाराच्या चौकटीचा एक उरलेला तुकडा घेतला आणि त्याची माझी सगळ्यात वरची पायरी केली. त्या पायरीला आजही वाटतं की लोकांनी आपल्यातून आत-बाहेर करावं. बाकीच्या पायऱ्या तिच्याशी फारसं बोलत नाहीत.

मला अप्पांनी घेतलं. अप्पांनी तेव्हा नुकतंच हार्डवेअरचं दुकान थाटलं होतं. गाळा अरुंद होता, पण उंच होता, म्हणून रुंदीत न मावणारं सामान त्यांनी उंचीत भरलं. खाली खिळे आणि रंगाचे डबे, मध्ये बिजागऱ्या, कड्या, कुलपं, त्यावर नळाच्या तोट्या. जे कोणी कधीच मागत नाही, ते अगदी छताजवळ. तिथे ते कोणाला दिसत नसे, आणि दिसत नसल्यामुळे कोणी मागत नसे. हा हिशेब अप्पांनी आयुष्यभर चोख सांभाळला.

दिवसभर अप्पा माझ्यावरून वर-खाली करत. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "अप्पा, ते द्या ना. ते नाही का, दाराच्या मागे असतं."

"दाराच्या मागे आमच्याकडे झाडू असतो," अप्पा अर्ध्या शिडीवरून म्हणायचे.

"अहो, ते धातूचं. दार भिंतीवर आपटू नये म्हणून."

"मग असं सांग ना. मी उगाच वर आलो, ते खाली आहे."

अप्पांचा एक नियम होता. शिडी मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. पैसे घ्यायचे नाहीत, कशाला हवी ते विचारायचं नाही, कोणी नेली ते लिहायचं नाही. त्यामुळे मी आसपासची सगळी घरं आतून पाहिली. कोणी माझ्यावर चढून पडदे लावले, कोणी छज्ज्यावरचं मांजर उतरवलं. मांजर खाली आलं, मांजर उतरवणारा मात्र बराच वेळ वर राहिला. एका घरात माझ्यावर कपडे वाळत घातले. दुसऱ्या घरात मला दिवाणखान्यात उभं करून प्रत्येक पायरीवर कुंडी ठेवली. पाहुणे येऊन म्हणाले, "वा, काय कल्पना आहे!" मला वाटलं, आता आपण इथल्याच. तेवढ्यात अप्पांना वरच्या फळीवरची एक तोटी हवी झाली, आणि माझं शोभेचं आयुष्य संपलं.

पुढे अप्पांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि दुकान त्यांच्या मुलीकडे आलं. तिला सगळे ताई म्हणतात, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. ताई आधी एका ऑफिसात होती. तिथे ती दिवसभर मीटिंगमध्ये बसून पुढची मीटिंग कधी ते ठरवायची. ती नोकरी तिने सोडली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने कपाळाला हात लावला.

आजकाल छोटं दुकान चालवायला काय लागतं, हे मी भिंतीला टेकून फार जवळून पाहिलं आहे. आमच्या दुकानात हमाल होता, झाडूवाली होती, हिशेबनीस होता, फोटोग्राफर होता, तक्रारी ऐकणारी बाई होती, आणि ही सगळी माणसं म्हणजे एकटी ताईच होती. सकाळी हमालाने गोणी उचलली की दुपारी हिशेबनिसाची पाठ दुखायची.

ताईने दुकान फोनवर आणलं. त्यासाठी स्क्रूचे फोटो काढले. मित्रांनो, स्क्रूचा फोटो काढणं ही सोपी गोष्ट नाही. कुठल्याही बाजूने काढला तरी तो स्क्रूच दिसतो. एका गिऱ्हाइकाने पाचपैकी एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'माल उत्तम, वेळेवर मिळाला, पण मला खिळा हवा होता.'

ताईचा चेहरा उतरला. अप्पा काउंटरमागच्या स्टुलावर बसून होते. ते म्हणाले, "एक तरी दिला ना. आभाळ अगदीच झाकलेलं नाही."

कराचं काम तर वेगळंच. रकानेच्या रकाने भरून झाले की शेवटी पडदा विचारायचा, तुम्ही यंत्र नाही ना? ताई पडद्याकडे बघतच राहायची. अप्पा हळूच म्हणायचे, "नाही म्हण. विचार करत बसू नकोस."

हे सगळं सांभाळून दुकान बरं चाललं होतं. मग एके दिवशी समोरून दोन माणसं आली.

"ताई, शिडी मिळेल का थोडा वेळ?"

ताई फोनवर बिजागऱ्यांच्या घाऊक व्यापाऱ्याशी भांडत होती. तिने हातानेच 'न्या' म्हटलं. वर फोन झाकून बजावलंही, "मधली पायरी कुरकुरते, जपून चढा."

त्या माणसांनी मला रस्त्यापलीकडे नेलं आणि काचांच्या एका भल्या मोठ्या दुकानाला टेकवलं. माझ्यावरून एकेक अक्षर वर गेलं. मी खाली असल्यामुळे मला काही वाचता येईना. शेवटचं अक्षर बसलं, दिवे लागले, आणि आमच्या दारात ताई येऊन उभी राहिली. तिला वाचता येत होतं. तिथे लिहिलं होतं, 'सगळं हार्डवेअर एकाच ठिकाणी'.

तिच्या शेजारी आमचा नेहमीचा प्लंबर उभा होता. त्याला सगळे गळतीकाका म्हणतात. त्याने मान तिरपी करून बोर्ड पाहिला. "अगदी सरळ लागलाय हो. आपली शिडी आहे म्हटल्यावर वाकडा लागेलच कसा!"

"काका, तुम्ही आत्ता बोलू नका."

"अगं, मी शिडीचं कौतुक करतोय."

स्टुलावरून अप्पांनी काळजीने विचारलं, "परत देतील ना?"

"काय, गिऱ्हाइकं?"

"शिडी."

शिडी दिली त्यांनी परत. गिऱ्हाइकं नाही दिली.

खरं सांगते, गिऱ्हाइकं वाईट नव्हती. समोरून पिशव्या घेऊन निघताना ती खेकड्यासारखी आडवी चालायची, म्हणजे पिशवी आम्हाला दिसू नये आणि आम्हाला वाईट वाटू नये. ताईने काय नाही केलं! दुकान रंगवलं, घरपोच सामान सुरू केलं, दोनावर एक फुकट ठेवलं. पण एक कुलूप लावायचं असताना तीन कुलपं कोण नेणार? हळूहळू अशी वेळ आली की आमच्या दुकानात मागणी असलेली एकच वस्तू उरली. ती वस्तू म्हणजे मी, आणि मी फुकट होते.

अशातच मोबाइलची कव्हरं विकणारा एक गृहस्थ गाळा बघायला आला. डॉक्टर छातीवर ठोकून बघतात तसा तो बोलता बोलता भिंतीवर टकटक करायचा. "जागा छान आहे," तो म्हणाला. "शनिवारी येतो. हो की नाही, तेवढं सांगा. मला आणखी एक गाळा दाखवलाय."

ताईने अप्पांना विचारलं, "काय करू?"

"दुकान तुझं. तू ठरव. मी मध्ये बोलणार नाही."

ते दिवसभर एकच कुलूप फडक्याने पुसत बसले. ते अजून आमच्याकडे आहे. त्यात तोंड दिसतं.

शुक्रवारी ताईने मनाशी ठरवलं. द्यायचा गाळा. पुन्हा नोकरी बघायची, पुन्हा मीटिंगची मीटिंग. आधी वरच्या फळ्या रिकाम्या करायच्या म्हणून तिने मला घ्यायला हात लांब केला, आणि हात भिंतीला लागला. मी जाग्यावर नव्हते. मी उसनी गेले होते. कोणाकडे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण लिहून ठेवायची आमच्यात पद्धतच नाही.

"बंद करायला निघाले, तर बंदही करू देत नाही हे दुकान!" असं म्हणून ताई मला शोधायला बाहेर पडली. पुढचा काही भाग मी पाहिलेला नाही. ताईने नंतर अप्पांना सांगितला, तेव्हा मी कोपऱ्यातून ऐकला.

पहिल्यांदा ती मागच्या इमारतीतल्या शिक्षिकाबाईंकडे गेली. "शिडी होय? ती तर मी परवाच शिंपीणबाईला दिली," बाई म्हणाल्या. "पण आलीच आहेस तर हा नळ बघ ना. सारखा टप टप करतो. मला वाटतं, कोणीतरी हजेरी घेतंय. मी दोनदा 'हजर' म्हटलंय."

ताईच्या खिशात वॉशर असतोच, इतरांच्या खिशात रुमाल असतो तसा. तिने नळ उघडला, वॉशर बदलला. तेवढ्यात तिला ओट्याखाली एक बंद खोकं दिसलं. त्यात नवा कोरा नळ होता.

"हा समोरून आणलेला दिसतो."

बाई ओशाळल्या. "आणला खरा. पण बसवणार कोण? खोक्यावर लिहिलंय 'अगदी सोपं'. मी चाळीस वर्षं शिकवलं, अगं. अगदी सोपं असं ज्यावर लिहिलेलं असतं, ते कोणालाच येत नाही."

शिंपीणबाईकडेही शिडी नव्हती. ती वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने नेली होती. "पण आलीच आहेस तर या कपाटाचं दार बघतेस? कात्री लावून बंद ठेवते मी, आणि मग कापायला कात्री लागली की दार उघडतं." ताईने बिजागरीचे स्क्रू बदलले.

जोडप्याकडे पोचली, तर तिथेही मी नव्हते. पण घरात एक नवं कपाट होतं. समोरच्याच दुकानातून सुटे भाग आणून दोघांनी ते घरी जोडलं होतं. उलटं. दारं खालून वर उघडत होती, आणि हात सोडला की डोक्यावर पडत होती.

"आम्हाला वाटलं, नवीन पद्धत आहे," नवरा म्हणाला.

"तुला वाटलं," बायको म्हणाली. "ताई, आलाच आहात तर..."

कपाट सरळ करून ताईने कपाळाचा घाम पुसला आणि विचारलं, "आणि आमची शिडी?"

"ती ना, समोरच्या दुकानाच्या मॅनेजरने नेली."

आता पुढचं मी स्वतः सांगू शकते, कारण मी तिथेच होते. त्या मोठ्या दुकानाच्या ऐन मध्यावर उभी होते. माझ्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या चकचकीत शिड्यांची रांग होती. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलणार कशा, तोंडापासून पायापर्यंत प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. माझ्या वरच्या पायरीवर टाय लावलेला तरुण मॅनेजर ट्यूबशी झटापट करत होता. ताई आत आली. केसांत भुसा, हाताला वंगण.

"ही आमची शिडी आहे."

"हो ताई, मीच आणली. ट्यूब गेली होती."

ताईने रांगेकडे बोट दाखवलं. "अहो, आणि या?"

"त्या विकायच्या आहेत. प्लास्टिक काढायचं तर मुख्य ऑफिसची परवानगी लागते. मागितलीय मी. ते म्हणाले, कारण कळवा. कळवलं. आता ते ट्यूब गेल्याचा फोटो मागतायत."

"मग पाठवा की."

"अंधारात फोटो येत नाही, ताई."

ताई माझ्या खालच्या पायरीवर मटकन बसली आणि हसायला लागली. कित्येक आठवड्यांत हसली नव्हती. हसू इतकं साठलं होतं की मी हलायला लागले आणि वरून मॅनेजर ओरडला.

खाली उतरून तो अदबीने म्हणाला, "आलाच आहात तर एक विचारू? लोक सामान घेतात आणि मला विचारतात, हे बसवून कोण देणार? मी सांगतो, खोक्यात कागद आहे. मग छताचा पंखा परत येतो. म्हणतात, फिरतो पण वारा लागत नाही. विचारलं तर पंखा जमिनीवर ठेवलेला असतो."

ताईचं हसू थांबलं. तिने हाताचं वंगण माझ्या पायरीला पुसलं. मग म्हणाली, "माझ्याकडे पाठवा त्यांना."

"तसं सांगता येत नाही. कंपनीचा नियम आहे."

"मग काय येतं करता?"

त्याने मनापासून विचार केला. "मला काचेतून तुमच्या दुकानाकडे बघता येतं. बराच वेळ. मी बघितलं की गिऱ्हाईकही बघेल."

ताईने मला खांद्यावर घेतलं आणि रस्ता ओलांडला. त्या संध्याकाळी ती अप्पांसमोर बसून एकेक घर सांगत गेली. अप्पा कुलूप पुसत ऐकत होते. गळतीकाका आले होते. ताई त्यांना म्हणाली, "काका, उद्यापासून येता माझ्याबरोबर? सामान आपलं असो की समोरचं, बसवून आपण द्यायचं."

"येईन की. पण वेळेवर यायचं म्हणजे माझी जुनी सवय मोडेल."

शनिवारी कव्हरवाला आला, तेव्हा ताई दुकानात नव्हती. तो भिंतीवर टकटक करत थांबला. थोड्या वेळाने ताई मला घेऊन परतली, मागून हत्यारांची पिशवी घेऊन काका.

"मग? काय ठरलं?"

"गाळा द्यायचा नाही."

"अहो, परवापर्यंत तर तुमचा विचार होता."

"परवापर्यंत मी दुकानात बसून होते."

"ताई, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका."

"भावना नाही हो, दुपारी तीन घरांची कामं आहेत."

अप्पा स्टुलावरून उठले. गुडघ्यांना न विचारता उठले. म्हणाले, "चहा सांगू का?"

"नको, निघतो मी," कव्हरवाला म्हणाला.

"तुम्हाला नाही. तिला."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की यानंतर सगळं सुरळीत झालं. तसं होत नसतं. पहिल्याच महिन्यात ताईने लावलेली एक फळी भांड्यांसकट खाली आली. ती त्याच दिवशी जाऊन पुन्हा लावून आली, आणि भिंत पोकळ आहे की भरीव ते कसं ओळखायचं, हे एका गवंड्याकडून शिकली. दुसऱ्या एका घराने लिहिलं, 'काम चांगलं, पण काका बोलायचे थांबत नाहीत.' सगळ्यात अवघड गेलं ते कामाचे पैसे सांगणं. ड्रिल धरताना ताईचा हात थरथरला नाही, पण पैसे सांगताना आवाज थरथरला.

"पैसे?" शिक्षिकाबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या. "अगं, तू तर घरचीच."

ताई पाना पिशवीत ठेवत म्हणाली, "घरचीच आहे, बाई, म्हणून तर वेळेवर आले. पण काकांनाही घर आहे."

बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आत गेल्या आणि पैसे घेऊन आल्या. ताई निघताना त्या म्हणाल्या, "हे आधीच सांगायचं होतंस. मी किती दिवस तुला बोलवायला लाजत होते."

आता दुकानाच्या दारावर छोटीशी पाटी आहे, 'बसवूनही देतो'. समोरचा मॅनेजर काचेतून तिच्याकडे इतक्या तळमळीने बघतो की काही लोकांना वाटतं, त्याचं इथे काहीतरी हरवलंय. फोनवर स्क्रूचे फोटो नसतात. उलटं कपाट आणि सुलटं कपाट, असे शेजारी शेजारी फोटो असतात. अप्पा काउंटर सांभाळतात आणि येणाऱ्याला विचारतात, "नुसतं नेणार, की माणूस पाठवू?" दुकान मोठं झालेलं नाही. पण बंदही झालेलं नाही, आणि आजकाल हे बरंच मोठं आहे.

मध्ये माझे दिवस वाईट गेले. ताईने स्कूटरवर मावणारी घडीची शिडी घेतली, समोरूनच. मी कोपऱ्यात उभी राहिले. अंगावर धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या दोन पायऱ्यांमध्ये संसार थाटला. वाटलं, संपलं. पण जुन्या इमारतींची छतं उंच असतात. घडीची शिडी पूर्ण उघडूनही तिथे हात पोचत नव्हता. मग ताईने मला बाहेर काढलं, पुसलं, आणि कुरकुरणारी पायरी काढून नवी बसवली. त्यासाठी लागणारे लांब स्क्रू तिला छताजवळच्या फळीवर सापडले. इतक्या वर्षांत त्यांना विचारणारं पहिलं गिऱ्हाईक मीच.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घराजवळ असं एखादं छोटं दुकान असेल, तर तिथे नुसती शिडी मागायला जाऊ नका. कधी एखादी कडी घ्या, एखादा वॉशर घ्या. दुकानातल्या माणसाने काम करून दिलं, तर त्याने पैसे मागायच्या आधी तुम्हीच विचारा. त्याचा आवाज थरथरायची वाट बघू नका. आणि शिडी नेलीच, तर उन्हापावसात टाकू नका. कुंड्या ठेवल्या तरी माझी हरकत नाही. पण हवी तेव्हा परत द्या.

आता मला थांबायला हवं. ताईने मला खांद्यावर घेतलंय, म्हणजे मी आडवी आहे. काका पुढे बोलत चाललेत. चौथ्या मजल्यावर कोणाच्या तरी छताला पंखा लावायचा आहे. जिना अरुंद आहे आणि माझं मागचं टोक मला दिसत नाही. जिन्यात कोणी उभे असाल, तर जरा बाजूला व्हा.